कुलसचिव घडणार कुठे?

महोदय,
2016 च्या विद्यापीठ कायद्याने राज्यात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका परत आणल्या, पण त्या कागदावरच राहिल्या. 1994 च्या कायद्यानंतर निवडणुका बंद होऊन प्रतिनिधी परीक्षेतील गुणांवर नेमले जात. मीही तसाच वर्गप्रतिनिधी झालो. स्नेहसंमेलनाचा हिशेब जुळवताना कोटेशन, व्हाउचर, मंजुरीची टिपणी म्हणजे काय ते कळले. (हिशेब सव्वाशे रुपयांनी चुकलाच, ते सोडा!) पुढे विद्यापीठात नोकरी लागल्यावर तीच शिदोरी कामी आली. परिषद म्हटली की आपल्याला आमदारकीची पायरीच दिसते. विद्यापीठ प्रशासनातल्या परीक्षा विभाग, विद्यार्थी विकास, उपकुलसचिवपद आणि पुढे कुलसचिवपद (विद्यापीठाचा मुख्य प्रशासकीय अधिकारी) या वाटा मुलांना कुणी दाखवत नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत (सिनेटमध्ये) जागा आहे. तिथे बसून अर्थसंकल्प वाचायला शिकणारा विद्यार्थी मात्र निवडूनच येत नाही.

– एक कक्षाधिकारी, सातारा