भातुकलीचा ओटा

नाशिक,
22 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

द्राक्षांचे रिकामे खोके टेम्पोवाल्यानं काल नीट पोचवले. बाबा, एवढे खोके कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी 'पोरांसाठी' एवढंच बोललो होतो. मुलांसाठी भातुकली करतोय. बोटाएवढ्या भांड्यांची नव्हे, तर उभं राहून स्वयंपाक करता येईल अशी, ओट्यासकट.

ओटा म्हणजे आपली जुनी टीव्हीची ट्रॉली. उंची साधारण 50 सेंटिमीटर, त्यामुळे धाकट्याचेही हात वरपर्यंत नीट पोचतात. वर प्लायवूड टाकलं आणि सुताराकडून त्याला एक गोल भोक पाडून घेतलं. त्यात स्टीलचं पातेलं काठावर अडकून बसतं, तेच सिंक. धुवायला उचललं की बाहेर येतं. डब्यांच्या जुन्या झाकणांचे बर्नर झाले. गॅसच्या बटणांसाठी बाटल्यांची टोपणं नट-बोल्टनं बसवली आहेत, ती फिरतात. न फिरणाऱ्या बटणाकडे मुलं दुसऱ्या दिवशी ढुंकूनही बघत नाहीत.

तुमच्या खोक्यांच्या फळ्या आणि दारं होणार आहेत. खोक्याच्या पुठ्ठ्यात आतल्या नळ्या एकाच दिशेनं जातात, म्हणून तो त्या दिशेला पटकन दुमडतो. दोन पुठ्ठे एक आडवा, एक उभा असे चिकटवून वर रात्रभर वजन ठेवलं की फळी वाकत नाही. खळ लावली तर झुरळं येतील म्हणून फेव्हिकॉल वापरतोय.

सगळ्यात जीव लावून केला तो सिलिंडर. पाच लिटरचा तेलाचा कॅन लाल रंगवला, वर झाकणाचा रेग्युलेटर आणि वीतभर नळी. नळी त्याहून लांब ठेवली नाही, गळ्यात अडकायला नको. थोरली रोज रात्री झोपायच्या आधी जाऊन तो रेग्युलेटर बंद करते. तुमच्या सूनबाई खरा गॅस बंद करताना जसं एकदा वाकून बघतात, अगदी तसंच वाकून. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

म्हणूनच मला दुकानातला तयार सेट नको होता. चांगले दिसतात ते, पण आत पिझ्झा, बर्गर आणि अंड्याचं प्लास्टिकचं पोळं. मूल जे बघतं तेच खेळतं, आणि आमच्या घरात रोज पोळी, वरणभात आणि पिठलं होतं. खेळातला स्वयंपाक मुलांच्या घरचाच असावा, असं मला मनापासून वाटतं. आई, हे तुला सांगायला नको. गावच्या अंगणवाडीत तू काडेपेट्यांपासून काय काय करायचीस! ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या मॉन्टेसरी साहित्याऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या, हे मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकलं.

आता पदार्थ. गोधडीसाठी तू दिलेल्या साड्यांमधली बदामी सुती साडी आठवते? तिच्या पोळ्या झाल्या. दोन गोल कापून मध्ये जुन्या चादरीचा थर घातला आणि कडेनं टाके मारले. कोऱ्या चहात बोट बुडवून वर डाग टेकवले, तर अगदी तव्यावरून काढल्यासारखे. कापडाची असल्यानं पोळीची घडी होते. थोरली एकेक पोळी चौघडी करून डब्यात रचते आणि वरून फडकं टाकते. प्लास्टिकच्या पोळीला हे जमलं नसतं. जांभळ्या मोज्यात कापूस भरून वांगी केली आणि त्यांना चार चिरा दिल्या. आत तपकिरी कापडाचा मसाला भरायचा आणि काढायचा. धाकटा तासन्‌तास एवढंच करतो. भात म्हणजे पांढऱ्या बनियनचे तुकडे. हिरवी लोकर बारीक कापली की कोथिंबीर, पण ती घरभर होते, म्हणून तिला आता झाकणाची बरणी आहे.

चकल्या आणि मोदक मिठाच्या कणकेचे केले. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि वाटीभर पाणी, तेही एकदम न ओतता लागेल तसं. दहा मिनिटं मळायचं. आधी सावलीत आणि मग उन्हात वाळवायचं. घाईनं कडक उन्हात ठेवलं तर तडे जातात. हे आत्ताच करून ठेवायला हवं, कारण पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि सगळं मऊ पडतं. वाळल्यावर वरून वॉर्निश हवंच. सोऱ्या लगेच धुवायचा, नाहीतर मीठ धातू खातं. कणीक चाटून बघायला मुलं टपलेलीच असतात आणि एवढं मीठ लहान पोटाला वाईट, म्हणून मळताना मी शेजारून हलत नाही.

1 जानेवारी 2021पासून दुकानातल्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. घरच्या खेळण्यांवर तो नसतो, त्यामुळे तपासणी आपणच करायची. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नियम आहे: 3.17 सेंटिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती त्यांना द्यायची नाही. बाबा, म्हणून तुमच्या द्राक्षांचा घड करताना एकेक मणी लिंबाएवढा केला आणि सगळे दोरीला पक्के शिवले. खरी द्राक्षंही आम्ही धाकट्याला उभी चिरूनच देतो. अख्खा मणी घशात अडकू शकतो. तुम्ही त्याला थॉम्पसन भरवता तेव्हा एवढं सांभाळा.

याच कारणानं माळ्यावरची पितळी भातुकली अजून पाठवू नका. बंब, पाटा-वरवंटा, सांडशी, सगळं डोळ्यांसमोर आहे आणि जपून ठेवायचंच आहे. पण त्यातली पळी आणि झारा अजून धाकट्याच्या तोंडात जातील, आणि जुन्या पितळेत शिसंही असू शकतं. तो मोठा झाला की मी स्वतः येऊन घेऊन जाईन. तोवर संक्रांतीच्या सुगडांवर थोरलीचं भागतंय. एकात पाणी, एकात ताक.

आई, तुला एक विचारायचं होतं. धाकटा पोळ्या लाटायला बसला की शेजारचे काका 'मुलगा असून भातुकली?' असं म्हणतात. त्याच्यासमोर म्हणू नका, असं मी त्यांना सांगितलं. तो कुकरच्या तीन शिट्ट्या तोंडानं वाजवतो, मग सगळ्यांना हाका मारून ताटं मांडतो आणि बहिणीनं संपवल्याशिवाय उठू देत नाही. अंगणवाडीत असं कोणी बोललं तर तू मुलांच्या आयांना काय सांगायचीस, ते मला कळव.

आता राहिली भांडी. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चक्कर मारली, पण मनासारखी परात आणि बुट्टी मिळाली नाही. कागदाच्या लगद्याची करावी म्हणतो, तू मेथ्या घालून टोपल्या करायचीस तशी. रद्दी भिजत घातली आहे. मेथ्या किती घ्यायच्या, लगद्याबरोबर कुटायच्या की वेगळ्या वाटायच्या, आणि पालथ्या घमेल्यावर लिंपताना खाली ओलं फडकं घालतात का, हे नीट लिही. त्यापेक्षा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस दोघं इकडेच या. गच्चीवर ऊन भरपूर आहे, आणि लगदा थापायला तुझ्या नातवाचे हात शिवशिवतायत. बाबा, पाणी सोडायला माणूस बघून ठेवा आणि गाडीचं कळवा, स्टँडवर घ्यायला येतो.

तुमचा मुलगा