पदवी तुम्हीच दिलीत, आता ती खरी असल्याचंही तुम्हीच सांगा: उच्च व तंत्र शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

परदेशात भाषा शिकवायला जाणाऱ्या उमेदवारांचे कागद पुण्यात बघून देणारे आम्ही काही भाषाशिक्षक आहोत. आपण कामात असता याची जाणीव आहे, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या आठवड्यात थायलंडमधल्या एका शाळेनं इथल्या एका तरुणीला देऊ केलेली इंग्रजी शिक्षिकेची नोकरी मागे घेतली. पदवी खरी, मुलाखत उत्तम, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना लागणाऱ्या ६०० गुणांच्या कितीतरी वर गुण. शाळेनं विद्यापीठाला ईमेल करून एवढंच विचारलं होतं की ही पदवी तुम्ही दिली आहे का. बऱ्याचदा आठवण करून दिल्यावर उत्तर आलं, तेही कुणा कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवरून. शाळेनं ते ग्राह्य धरलं नाही. शाळेचं काय चुकलं? असं खातं तर सातवीतला पोरगाही उघडतो.

आपल्या खात्यात कुणी म्हणेल, एक ईमेल चुकला म्हणून एवढा गहजब कशाला, अपोस्टिल आहे ना! म्हणून आधी अपोस्टिल म्हणजे काय ते सांगणं भाग आहे. १९६१च्या हेग कराराखाली एका देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या देशात चालावा म्हणून हा शिक्का असतो. भारतात तो २००५पासून लागू आहे. पदवीचा प्रवास असा: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग आपल्या खात्याचा शिक्का आणि सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. जिथे अपोस्टिल चालत नाही तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीचा आणखी एक शिक्का, आणि कधी त्यांच्या भाषेतलं प्रमाणित भाषांतर.

यात प्रत्येक टेबल फक्त खालच्या टेबलाची सही ओळखतं. परराष्ट्र मंत्रालय आपल्या अधिकाऱ्याची सही नमुन्याशी ताडून पाहतं. पदवी घेणाऱ्यानं परीक्षा दिली होती का, हे तिथे कुणी बघत नाही, आणि बघणं त्यांचं कामही नाही. अपोस्टिल सही आणि शिक्क्याची ग्वाही देतं, मजकुराची नाही. ही गोष्ट परदेशातल्या शाळांना चांगली ठाऊक आहे, म्हणून एवढे शिक्के बघूनही त्या विद्यापीठाला वेगळा ईमेल करतात. थोडक्यात, या सगळ्या साखळीत पदवीबद्दल खरं बोलू शकेल अशी जागा एकच: विद्यापीठाचा परीक्षा विभाग. आणि नेमकी तिथेच ना मुदत, ना पोच, ना उत्तर देणाऱ्याचं नाव.

ही जागा गप्प बसते म्हणून बाजूनं दुसरी वाट पडली आहे, तीही आपण ऐकून घ्या. एजंट पदवीची नोटरी करतो, दिल्लीतल्या एखाद्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेतो आणि तिथूनच अपोस्टिल करून आणतो. पुण्यात शिकलेल्या मुलीच्या पदवीची हमी दिल्लीतला महसूल अधिकारी देतो, ज्यानं विद्यापीठाची गणेशखिंड नकाशावरही पाहिलेली नसेल! काही वकिलाती हा शिक्का नाकारतात आणि राज्याच्या शिक्षण खात्याचाच मागतात. मग पैसे गेले, आठवडे गेले आणि प्रवास पुन्हा पहिल्यापासून. अपोस्टिलची सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे. बाजारात एजंट पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत काहीही सांगतात. मधली रक्कम कशाची, तर आपल्या यंत्रणेच्या मौनाची. हा धंदा कुणाच्या कृपेवर चालतो, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आता घड्याळाकडे वळू. शिकवायच्या व्हिसाला पदवीबरोबर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी. त्याची फी ५०० रुपये. कोरियाच्या ई-२ या भाषाशिक्षकांच्या व्हिसाला ते सहा महिन्यांच्या आतलं लागतं, व्हिएतनामच्या वर्क परमिटलाही तसंच. पदवीला मुदत नसते, पीसीसीला असते. त्यामुळे उमेदवारांनी आधी पदवीची साखळी पूर्ण करावी आणि पीसीसी शेवटी काढावं, असं आम्ही कानीकपाळी ओरडतो. पण शाळा नोकरी देऊ करते तेव्हा दोन्ही कागद एकदमच मागते. पीसीसी लवकर येतं, पदवी अडकते, पीसीसी शिळं होतं, ते पुन्हा काढायचं आणि पुन्हा अपोस्टिलला पाठवायचं. हा घोळ पासपोर्ट कार्यालयाचा नव्हे, आपल्या बाजूचा आहे.

जपानचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण पुण्यात जपानी शिकणारे आणि तिकडे जाणारे पुष्कळ. तिथे नोकरी देणारी संस्थाच इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र काढते आणि त्यासाठी सहसा पदवीची प्रत पुरते. मात्र ते प्रमाणपत्र निघाल्यापासून साधारण तीन महिन्यांत देशात दाखल व्हावं लागतं. म्हणजे परका देश प्रतीवर भागवतो आणि स्वतःची कामं महिन्यांत मोजतो. आपण स्वतःच दिलेल्या कागदावर आपला विश्वास नाही, आणि महिनेही मोजत नाही.

नावांचा घोळ तर अस्सल आपल्याकडचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि आईचं नाव आतल्या पानावर. परदेशातला कारकून दोन कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, ही एकच व्यक्ती कशावरून? लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र नाही तर राजपत्र जोडा, आणि तेही अपोस्टिल करून. विद्यापीठानं पडताळणीच्या पत्रात 'आमच्या नोंदीत नावं या क्रमानं लिहितात' एवढं एक वाक्य छापलं तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. एक वाक्य, महोदय. त्यासाठी समिती नेमू नका.

तीच गत विद्यापीठाच्या नावाची. १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचं इंग्रजी नाव आधी 'पूना', मग 'पुणे', आणि २०१४पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. नाव बदललं याचा आम्हांला अभिमानच आहे. पण २००५च्या पदवीवरचं नाव आजच्या संकेतस्थळावर शोधणाऱ्या माणसाला ते सापडत नाही आणि तो बनावट पदवीचा संशय घेतो. नामांतराचं एकपानी पत्र प्रत्येक पडताळणीसोबत आपोआप जायला हवं. स्वायत्त महाविद्यालयांत गुणपत्रिका महाविद्यालय देतं आणि पदवी विद्यापीठ. परदेशी शाळेला हे कोण समजावणार? ती गुणपत्रिकेवरचा पत्ता बघून महाविद्यालयाला लिहिते, महाविद्यालय म्हणतं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणतं गुण महाविद्यालयाकडे.

थोडा दोष आमच्या लोकांचाही आहे, तो लपवत नाही. पदवी मिळाली की आपल्याकडे आधी लॅमिनेशन करतात. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, शाई पसरते. सोलायला गेलं तर कागदाचा वरचा थर निघून येतो आणि कुलगुरूंची सहीही त्याच्याबरोबर जाते. मग दुय्यम प्रत, तिचा अर्ज, तिची प्रतीक्षा. पदवी देतानाच पाकिटावर 'लॅमिनेशन करू नका' असं छापलं तर काय बिघडेल? इंग्रजी शिकवण्याच्या ऑनलाइन टेफल प्रमाणपत्राचंही असंच. ते ब्रिटनमधल्या कंपनीनं दिलेलं असेल तर भारतात अपोस्टिल होत नाही, ब्रिटनमध्येच करून आणावं लागतं. त्यात आपण काही करू शकत नाही, पण एवढं सांगणारं एखादं पत्रक विद्यापीठाच्या खिडकीवर नक्की लावता येईल.

आणि तो डिजिटल कारभार! ई-सनद ही परराष्ट्र मंत्रालयाची ऑनलाइन सेवा २०१७ साली आली ती संपर्काविना, कागदाविना, घरबसल्या साक्षांकन होईल असं सांगत. ती चालते कधी, तर पदवी देणाऱ्याची नोंद डिजिटल साठ्यात असेल तेव्हा. डिजीलॉकरमधला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य, असं केंद्राचे नियम सांगतात. पण जुन्या वर्षांच्या पदव्या शोधल्या की बहुतेकदा पडद्यावर उत्तर येतं, नोंद सापडली नाही. खातेवह्या कुठल्याशा कपाटात आहेत आणि चावी रजेवर आहे.

महोदय, आता जरा मोठं बोलतो. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण पाठवणार म्हणून गाजावाजा झाला, जर्मनचे वर्ग लावले. त्यातले किती विमानात बसले, याचा आकडा एकदा जाहीर करा. मनुष्यबळ निर्यात करायचं भाषण सोपं असतं. त्याच माणसाचा कागद वेळेत निघणं अवघड असतं, कारण त्याला फीत कापायला कुणी येत नाही. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावा असं लिहिलं आहे. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्या, असं विद्यापीठ अनुदान आयोग म्हणतो. आपल्याकडे पदवी पाहुण्यांच्या तारखेवर ठरते. पाहुणे मिळाले की समारंभ, समारंभ झाला की प्रमाणपत्र, तोवर नोकरी देणारा दुसरा माणूस शोधतो.

२०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. परदेशी पडताळणीच्या उत्तराला त्या कायद्याखाली सात दिवसांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा. उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरूनच जाईल, त्यावर क्रमांक असेल आणि तो क्रमांक संकेतस्थळावर कुणालाही तपासता येईल, एवढी व्यवस्था करा. २०००नंतरच्या पदव्या आधी डिजीलॉकरमध्ये आणा, मागच्या नंतर. सत्रे सुरू होण्याआधी हे झालं पाहिजे: जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, थायलंडचं मेमध्ये, आणि त्यांची भरती त्याच्या कितीतरी आधी चालू होते.

आपल्या खात्याकडे आम्ही माहिती अधिकारात स्वतंत्र अर्जही करत आहोत: परदेशातून आलेले पडताळणीचे किती ईमेल गेल्या वर्षी राज्यातल्या विद्यापीठांना मिळाले, किती दिवसांत उत्तरं गेली, आणि किती गेलीच नाहीत. अर्जाची फी दहा रुपये आहे, उत्तराची मुदत तीस दिवस.

आपले,
पुण्यातील काही भाषाशिक्षक