आई, फोडणी तुझीच राहील

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलले असते तर आई, तू "बघू गं" म्हणून विषय मिटवला असतास आणि बाबांनी फोन तुझ्याकडे दिला असता. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा, शक्यतो चहा झाल्यावर.

येत्या एक तारखेपासून आपल्याकडे स्वयंपाकाला मावशी येणार आहेत. सकाळी साडेनऊ ते अकरा, रविवारी सुट्टी. धाकट्याशी बोलून ठरवलंय आणि पहिल्या महिन्याचे पैसेही दिलेत. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर आधी गणपती, मग दिवाळी, मग संक्रांत असं लांबत गेलं असतं, आणि आई, तोवर तुझ्या दुखऱ्या मनगटाने काय काय सोसलं असतं.

आई, तुझं काही कमी पडलं असं एक क्षणही मनात आणू नकोस. प्लास्टर निघाल्यापासून भाकरी थापणं बंद झालं, आणि तिच्या जागी काय आलं ते मी गेल्या खेपेला डबे पुसताना बघितलं. टोस्ट, खारी, पाकिटातला उपमा, रात्री लोणचं-भात. दुखऱ्या हाताने दुसरं काय होणार होतं? पण बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ७.२ वरून ८.४ वर गेली ती याच काळात. खारी हलकी लागते म्हणून चार-पाच सहज जातात, आणि ती सगळी मैदा आणि वनस्पती तूप असते. आपल्या घरात तुझ्याच पद्धतीचं जेवण राहावं, एवढ्यासाठी दोन जास्तीचे हात आणलेत.

भाज्या निवडणं-चिरणं, कुकर, कणीक, भाकरी, ओटा पुसणं हे मावशींचं. आज काय करायचं, मसाल्याचा डबा आणि फोडणी तुझी. कांदा-लसूण मसालाही उन्हाळ्यात तुझ्याच अंदाजाने होईल, डंकावर बाबा जातील. मावशी मूळच्या कोकणातल्या, तांदळाच्या भाकरीचा हात चांगला आहे, पण ज्वारीची सवय नाही. तू सगळं अंदाजाने करतेस आणि त्यांना सांगायला अंदाज पुरत नाही, म्हणून पूर्वी तुझ्या मागे उभं राहून मोजून घेतलेलं खाली लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

भाकरी. ज्वारी शाळूच आणा, मालदांडी मिळाली तर उत्तम. एका वेळी २ किलोच दळा, बाबा, दहा दिवसांचं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. मावशी म्हणतील "पीठच खराब", पण आधी दळणाची तारीख बघा. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची, म्हणजे वाद नको. थंडीत बाजरी दळली तर आठवडाभराचीच, ती ज्वारीपेक्षा लवकर कडू होते.

एका भाकरीला आमटीची एक वाटी पीठ, म्हणजे साधारण ८० ग्रॅम. बाबांना कवळीमुळे कडा चावत नाहीत, म्हणून उकड काढायची. वाटीला वाटी पाणी उकळायचं, गॅस बंद करून पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि १० मिनिटं झाकून ठेवायचं. मग कोमट असतानाच तळहाताने रगडून मळायचं. गार झाल्यावर मळलं तर गुठळ्या राहतात. उकडीतलं मीठ पूर्ण बंद. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची. वाळू दिलं की तडे जातात, तडे गेले की भाकरी फुगत नाही, आणि न फुगलेली भाकरी संध्याकाळपर्यंत चामड होते. दुसरी बाजू नीट भाजून मग पहिली बाजू थेट आचेवर. झाल्या की सुती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या. गरम भाकरी स्टीलच्या बंद डब्यात ठेवली तर वाफेचं पाणी सुटून खालची भिजते.

बाबा, आता तुमच्याशी. भाकरीने साखर वाढत नाही असं तुम्ही कट्ट्यावर सगळ्यांना सांगता. भाकरी चांगलीच, पण ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे पिठाच्या हिशेबाने तीन पातळ फुलके. दुपारी एक, रात्री अर्धी, आणि त्या दिवशी भात अगदी मूठभर. जेवताना आधी काकडी-मुळा, मग भाजी आणि उसळ, भाकरी त्यानंतर. या क्रमाने खाल्लं की साखर एकदम उसळी घेत नाही. भूक राहिली तर उसळीची दुसरी वाटी घ्या, तिला माझी कधीच ना नाही.

उसळ आठवड्यातून चार दिवस हवी. एक वाटी मटकी रात्री भरपूर पाण्यात भिजवायची, सकाळी पाणी काढून निथळायची, फडक्यात सैल बांधून टांगायची. घट्ट बांधली किंवा पाणी राहिलं की बुळबुळीत होऊन वास मारते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. तुमच्या वयाला कच्चे मोड नकोत, शिजवूनच खा. कच्च्या मोडांत जंतू चटकन वाढतात आणि बाबांना जुलाब झेपत नाहीत.

आता मीठ. यावर मी जरा कडक होणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. बिस्किटं, पाव, शेव यांतलं मीठ धरून चला आणि दोघांच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला दीड सपाट चमचा ठरवा. आई, सकाळी तेवढं एका छोट्या वाटीत काढून मावशींसमोर ठेव आणि बरणी वरच्या फळीवर. वाटी संपली की संपलं. एकदम इतकं कमी केलंस तर बाबा पहिल्याच दिवशी ताट सरकवतील. म्हणून पहिल्या आठवड्यात आताच्या मिठातलं पाव कमी, दोन आठवड्यांनी आणखी पाव. जिभेला महिना-दीड महिना लागतो, मग जुनी आमटी खारट वाटायला लागते.

चव कुठून आणायची हे मी तुला काय सांगणार! आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं, ओलं खोबरं, शेवटी वरून ठेचलेला लसूण. मीठ शेवटी घातलं की थोडक्यात भागतं. पालेभाजीत तर ती पूर्ण आळल्यावरच, कारण कढईभर मेथीची वाटीभर होते आणि कढई बघून घातलेलं मीठ हमखास जास्त पडतं. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. हे मावशींना दोनदा सांग. कडधान्य लवकर शिजावं म्हणून सोडा घालू देऊ नकोस, त्यातही सोडियम असतं. आणि बाबा, पापड तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचतं, मीठ आणि पापडखार तितकाच राहतो. रविवारी एक, बस. लोणच्याची एक फोड, खारासकट नाही.

दुकानातून आणलेली ती कमी सोडियमच्या मिठाची पिशवी मात्र बाजूला ठेवा. बाबा, तुम्ही चांगल्या हेतूनेच आणलीत. पण त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि तुमची रक्तदाबाची टेल्मिसार्टनची गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही मिळून ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना दाखवून, रक्त तपासून ते हो म्हणाले तरच वापरा.

तेल दोघांना महिन्याला एक लिटर. माणशी दिवसाला तीन लहान चमचे बसतात, त्यात सगळं आलं. बुधलीतून धार धरायची नाही, फोडणीला चमचा. कमी तेलात कांदा चिकटायला लागला की आणखी तेल नको, चमचाभर पाणी. फळभाजीवर ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवायची तुझी पद्धत याच कामाची आहे. आतली वाफ वरच्या गारव्याने परत खाली पडते, भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते आणि लागलीच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं. मावशी ताटली पुरती झाकतील, तेवढं बघ.

आई, तुझ्यासाठी नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत जवळपास ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्या मनगटाला ते हवंच आहे. दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवून दीड कप उकळत्या पाण्यात ओतायचं आणि ७ मिनिटं सतत ढवळायचं. पीठ थेट उकळत्यात पडलं तर गोळे होतात. पुरतं कोमट झाल्यावरच ताक, नाहीतर फुटतं. सकाळी ११ वाजता एक पेला. लहानपणी मी ताप आला की आंबील नको म्हणायचे आणि तू पेल्याला पदर गुंडाळून फुंकर मारत बसायचीस. आता मी तिथे नाही, म्हणून बाबा, तुम्ही तिच्यासमोर पेला ठेवा आणि रिकामा झाल्याशिवाय उठू नका.

थायरॉइडची गोळी तू चहासोबत घेतेस हे मला माहीत आहे. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घे आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. इतकी वर्षं डोस वाढत का गेला, याचं हे एक कारण असू शकतं, डॉक्टरांना सांग.

संकष्टीचं बोलायला मला जड जातंय, कारण बाबांनी ती नोकरी लागल्यापासून मोडलेली नाही. पण साखरेची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, रिकाम्या पोटी राहायचं नाही. गेल्या खेपेचा घाम आणि थरथर आठवा. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा, आणि उपवास बंद करायचा नसेल तर दर तीन तासांनी काहीतरी खा: ताक, मूठभर दाणे, राजगिऱ्याची लाही, पपई. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो तुमच्या ताटात नको. भगर सुटी आणि दळलेली आणू नका, जुन्या पिठाला बुरशी लागते आणि नवरात्रात विषबाधेच्या बातम्या दरवेळी आपणच वाचतो. अख्खी आणा, निवडून धुऊन त्याच दिवशी संपवा. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या आणि १५ मिनिटांनी मोजा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच, मग काहीतरी खा. पेढा त्या वेळी उपयोगाचा नाही, त्यातल्या खव्यामुळे साखर उशिरा चढते. साखरेची डबी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली आहे, ती तिथेच राहू दे.

सकाळची आमटी-उसळ संध्याकाळी खायची आहे, म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये, आणि रात्री नुसती कोमट न करता उकळी येऊ द्यायची. झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद करणं बाबांचं काम.

बाबा, उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, असे आठवड्यातून दोन दिवस आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मला फोटो पाठवा, वाईट आला तरी पाठवा. मी रागावणार नाही.

आई, दोन महिने बघ. मावशींचं नाहीच पटलं तर दुसरं कोणीतरी शोधू, पण भाकरी तू थापायची नाहीस. सकाळचा तो दीड तास रिकामा वाटेल, तेव्हा गॅलरीत ऊन असतं तिथे बस, मनगटाचे व्यायाम कर, कोमट पाण्यात दहा मिनिटं. मी दुसऱ्या शनिवारी येते आहे. रात्री तुझ्या फोडणीची आमटी आणि मऊ भात एवढंच कर, तूप मी आणते.

आजीची काटवट मावशींना देऊ नकोस, त्यांना परात पुरेल. आणि ती फळीवरून तूही काढू नकोस, जड आहे. मी आल्यावर काढून पुसून ठेवते.

तुमची,
थोरली