जुन्या गाडीतला ‘३५ चा फ्यूज’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतला जुन्या गाड्यांच्या विजेच्या दुखण्यांवरचा लेख वाचला. ब्रिटिश बनावटीच्या गाडीत चालता चालता डॅशबोर्ड बंद पडला तर ३५ अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा आणि तेवढ्याने भागले नाही तर सगळे वायरिंग बदलून घ्यावे, असा सल्ला त्यात आहे. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले आणि कॉन्टॅक्ट साफ करण्यात गेली आणि घरी साठच्या दशकातली अशीच एक गाडी आहे, म्हणून राहवत नाही.

आधी फ्यूजचे. लुकास या ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमधल्या काचेच्या फ्यूजवर ३५ छापलेले असते, पण तो वितळण्याचा आकडा. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद १७ अँपिअरच. इतर बनावटीच्या काचेच्या फ्यूजवर जो आकडा असतो तो बहुधा सतत वाहून नेण्याचा. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, क्लिपांतही बसतात. दुकानात जाऊन नुसते ‘३५ चा द्या’ म्हटले आणि दुसऱ्या जातीचा हाती आला, तर संरक्षण निम्म्यावर आले. मग शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डामागची वायर जळते. १७/३५ असा दुहेरी आकडा असलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा १५ किंवा २० चा लावावा. एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

आता मुळात फ्यूज गेला तरी आहे का? पेट्रोलचा काटा, तापमानाचा काटा, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे आणि वायपर एकदम गेले, पण इंजिन चालू आहे आणि हेडलाइट, हॉर्न ठीक आहेत, असे असेल तर अर्धे निदान तिथेच झाले. चावीतून निघणारी पांढरी वायर फ्यूजशिवाय थेट इंजिनाच्या ठिणगीसाठीच्या कॉइलला जाते, म्हणून इंजिन थांबत नाही. तीच फ्यूजमधून पलीकडे गेली की हिरवी होते, आणि मेलेली सगळी मंडळी या हिरव्या वायरवरची असतात. म्हणजे पाहायची जागा वायरींचा हातभर जुडगा (हार्नेस) नव्हे, बोटभर फ्यूजबॉक्स.

इथेच मल्टिमीटर भल्याभल्यांना चकवतो. फ्यूजच्या पलीकडच्या टोकाला त्याची पिन लावली की १२ व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, करंट येतोय, डॅशबोर्डवरचे मीटरच गेलेत. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे केसाएवढ्या सांध्यातूनही त्याला पूर्ण १२ दिसतात. वायपर आणि हीटरचा पंखा चालू करा, मग एक पिन फ्यूजच्या टोपीवर आणि दुसरी तिला धरणाऱ्या क्लिपवर ठेवा. आकडा शून्याच्या आसपास हवा. तिथे एक व्होल्ट दिसला आणि करंट १० अँपिअर असेल, तर त्या इवल्याशा क्लिपमध्ये १० वॅट उष्णता तयार होते आहे. बोट लावले तरी कळते. क्लिपवर हिरवट थर किंवा काळा डाग असतो. बॅटरी सोडवून तो बारीक पॉलिश पेपरने काढावा, क्लिप जरा आवळावी, नवा फ्यूज घालावा आणि व्हॅसलिनचा पुसट हात फिरवावा. जुना फ्यूज परत घालू नये. काच आणि तार धडधाकट दिसते, पण टोपीच्या आतला सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो.

इंडिकेटर वगैरे चालू आणि फक्त पेट्रोल व तापमानाचे काटे मेले असतील, तर त्या दोघांना सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर पाहावा. त्याची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी, सुटली तर उलटे होते, दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर चढतात. लोक रेडिएटर उघडून बसतात!

अर्थिंगचे दुखणे ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे इंडिकेटर लावला की मीटरमधले दिवे त्याच्या तालावर मंद होणे. मीटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत एक तात्पुरती वायर जोडून पाहा. दिवे खुलले तर अर्थच्या काळ्या वायरचा स्क्रू शोधा. रंगकाम केलेल्या डॅशबोर्डात तो हमखास रंगावरच आवळलेला असतो. ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. पुढचा बिघाड शोधताना त्याची ती उपरी वायर कुठल्याच नकाशात सापडत नाही.

डॅशबोर्डवर करंट दाखवणारा अँपिअर मीटर असलेल्या गाड्यांचे जरा वेगळे. तिथे स्टार्टर सोडून गाडीचा बहुतेक सगळा करंट मीटरच्या मागच्या दोन नटांतून जातो. एक नट सैल झाला की दिवे, कॉइल, सगळेच जाते, आणि त्या टर्मिनलना फ्यूजचे संरक्षण बहुधा नसते. तिथे पाना घालण्याआधी बॅटरी सोडवलीच पाहिजे, आणि सोडवताना अर्थची वायर आधी. ‘मायनस आधी’ हे पाठांतर इथे उपयोगाचे नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस टोकच बॉडीला जोडलेले असते, तेव्हा बॉडीकडे कुठली वायर जाते ते डोळ्यांनी पाहूनच पाना लावावा.

– एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ