बदलीचं कार्ड

लेस्टर, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय बाळ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं असतंस आणि अर्ध्या तासात ते आमच्या हिच्याकडे पोचलं असतं. म्हणून हे पोस्टाने, तुझ्या एकट्यासाठी. आठ महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, अंगठा दाखवून मोकळा झालो. शिव्या घालायच्या असतील तर इथे थांब, घाल, आणि मग पुढे वाच.

तब्येत बरी. साखर थोडी वर, कंबर जागेवर. हिच्या हॉस्पिटलात नाइट चालू आहेत.

आता मुद्दा. बुधवारी संध्याकाळी, आम्हा ट्रक ड्रायव्हरांना पाळीपुरतं पाठवणाऱ्या एजन्सीच्या पोरीचा मेसेज आला: उद्या पहाटे चार, क्लास वन, लटरवर्थचा डेपो. क्लास वन म्हणजे मागे लांब ट्रेलर असलेली गाडी. तीनला उठलो, डबा भरला, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला आणि पावणेचारला खिडकीशी हजर. पिवळं जाकीट, लायसन्स, टॅको कार्ड (किती चालवलं, किती थांबलो ते नोंदवणारं), सगळं हातात. आतल्या माणसाने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि म्हणाला, सॉरी, आमचा माणूस आला. त्यांचा कायमचा ड्रायव्हर आजारी म्हणून कळवून बसला होता, तो रात्रीत खडखडीत बरा झाला.

बाळ्या, कायमवाला आला! हे वाक्य आपण कुठे ऐकलंय ते तुला सांगायला नको. ज्यांना सांगावं लागतं त्यांना सांगून उपयोग नाही.

अप्पांचं गिरणीतलं बदली कामगाराचं कार्ड मी लहानपणी पत्त्यांच्या कॅटमध्ये घुसवून ठेवायचो, आठवतं? पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी जाऊन गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर घरी. संप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा, त्यामुळे मला गिरणी आठवत नाही, बदलीवाल्यांना आत घेणारा जॉबर आठवत नाही. आठवतो फक्त डबा. अप्पा साडेआठलाच परत आले की डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज निराळा यायचा. भरलेल्या डब्याचा. आई काही बोलायची नाही, तो उघडून आमच्याच पुढे ठेवायची, आणि आम्ही पोरं खूश, कारण सकाळीच भाजी.

तर गुरुवारी मी गाडीत येऊन बसलो आणि शेजारच्या सीटवर डबा. घरी जाववेना. ही आठ वाजता नाइट करून येणार, मी घरी दिसलो की न बोलता डबा हातातून घेणार. मग हायवेवरच्या सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये जाऊन बसलो. तिथे दोनच तास फुकट असतं, म्हणून पुढच्या सर्व्हिसला गेलो, मग आणखी पुढच्या. बदलीतही बदली. अकरा वाजता बसल्या बसल्या सगळा डबा संपवला. भूक कसली डोंबलाची. रिकामा करून, तिथल्याच बेसिनवर धुऊन घरी न्यायचा होता. चारला पोचलो. ही म्हणाली, कसा गेला दिवस? म्हटलं, एम-वन हायवेला ट्रॅफिक होतं.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. खोटं आधीही बोललोय, त्यातलं निम्मं तुझ्यामुळे. पण डबा धुऊन बोललेलं हे पहिलंच.

तू म्हणशील, स्टेटसला तर ट्रकपुढे गॉगल घालून उभा असतोस. असतो. ट्रक दुसऱ्याचा, गॉगल माझा. तुला वाटतं तासाचा दर म्हणजे पगार. मलाही वाटायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे ड्रायव्हर नाहीत म्हणून बोंब उठली होती, पेट्रोल पंपांवर ही रांग, आणि सरकारने बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी पाच हजार तात्पुरते व्हिसे काढले. मी तेव्हा गोदामात खोकी उचलत होतो. म्हटलं, हीच वेळ. तुझ्याकडून दोन लाख घेतले ते तेव्हाच. मेडिकल, थिअरी, प्रॅक्टिकल, सीपीसीची, म्हणजे ट्रकवर पोट भरणाऱ्यांच्या परीक्षेची, चार मोड्यूल, सगळं करून लायसन्स हातात येईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. मग एजन्सीवाले म्हणाले, दोन वर्षांचा अनुभव पाहिजे, विमा कंपनी ऐकत नाही. दोन वर्षं जेमतेम मिळेल ते चालवून काढली, तोवर वरातही गेली आणि बँडवालेही गेले.

आत्ता मला तासाला साडेसोळा पौंड मिळतात. कायद्याची किमान मजुरी १२.२१ आहे, म्हणजे लायसन्स, जबाबदारी, चव्वेचाळीस टनांचं धूड आणि पहाटे तीनचा गजर या सगळ्याचे मिळून वर सव्वाचार. चालेल, तेही चालेल. पण कितीने गुणायचं? डिसेंबरात २२ पाळ्या मिळाल्या. सगळं जग नाताळची खरेदी करतं आणि ती आम्ही वाहतो. जानेवारीत ७. सात पाळ्या, दहा-दहा तास धरले तर साडेअकराशे पौंड, तेही कर कापायच्या आधी. दर तोच, माणूस तोच, ट्रकही तोच. अप्पांना दिवसाची मजुरी किती होती ते आईने कधी सांगितलं नाही, ती नेहमी म्हणायची, या महिन्यात इतके दिवस भरले. बाईला हिशेब कळत होता, आपल्यालाच उशिरा कळला.

आणि जे दिवस भरत नाहीत ते काही मोकळे नसतात, ही खरी गंमत. समज, रात्रपाळी मिळेल म्हणाले. मी दिवसभर पडदे लावून झोपायचं सोंग करतो. संध्याकाळी सहाला फोन, रात्रीचं कॅन्सल, पहाटेचं घेतोस का? पहाटेचं घ्यायला माणूस रात्री झोपलेला पाहिजे, आणि मी तर दिवसभर झोपून टक्क जागा. इथे कायदा कडक आहे. दोन पाळ्यांमध्ये अकरा तास विश्रांती, नऊवर भागवायची मुभा मोजून तीनदा. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच, दिवसाला नऊ तासांवर चालवायचं नाही, आठवड्यातून दोनदा दहा. सगळं त्या टॅको कार्डावर उमटतं, चोरी नाही. (कसारा घाटात तू मला सतरा तास चालवायला लावलं होतंस ते दाखवलं तर इथले इन्स्पेक्टर तुला फ्रेम करून लावतील.) पण फोनची वाट बघत जागं राहिलो ते कुठल्याच कार्डावर उमटत नाही. त्याची मजुरीही नाही.

आधीच्या एजन्सीचा किस्सा सांगायचा राहिला. जाहिरातीत तासाला १९. गेलो तर म्हणे पगार आम्ही देत नाही, अंब्रेला कंपनी देते. नाव छत्री! आपण लालबागच्या पावसात वाढलेली माणसं, छत्रीवर चटकन विश्वास बसतो. पहिली स्लिप आली तेव्हा कळलं की १९ हा माझा दर नव्हताच. त्यातून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स जातो, गेल्या एप्रिलपासून तो पंधरा टक्के झालाय, वर छत्रीवाल्यांची आठवड्याची फी, आणि सुट्टीचा पगार वेगळा दाखवतात तोही त्याच १९ मधून काढलेला. यानंतर जे उरतं त्यावर माझा कर. पाऊस माझ्यावर आणि छत्रीचं भाडंही माझ्याकडून. सोडलं ते.

अजून एक. इथे नियम आहे की एकाच ठिकाणी बारा आठवडे काम केलं की त्यांच्या कायमच्या माणसाइतका दर द्यावा लागतो. एका डेपोत माझे अकरा भरले आणि बाराव्याला अचानक दुसऱ्याच गावाला पाठवलं. योगायोग असेल. आपल्या गिरणीतही असेच योगायोग घडायचे असं तुझे बाबाच सांगायचे.

तुझ्या बाबांचा विषय निघाला म्हणून सांगतो. नववीत मॅचच्या वेळी तू मला आउट दिलंस, वर सगळ्यांसमोर म्हणालास, ‘याचा बाप बदली, हाही बदली प्लेअर.’ मी बॅट टाकून तुला धरला आणि तुझा पुढचा दात अर्धा गेला. तेव्हा गिरणी बंद पडून जमाना झाला होता, तुझे कायमवाले बाबा आणि माझे बदलीवाले अप्पा एकाच बाकावर रिकामे बसायचे, तरी ती शिवी लागली. दाताबद्दल मी कधी माफी मागितली नाही. आताही मागत नाही, कारण आउट नव्हतो. पण गुरुवारी गाडीत बसून तुझं ते वाक्य आठवलं आणि एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

आता जे विचारायचंय ते. एक ठिकाणी कायमची नोकरी मिळतेय. तासाचा दर साडेसोळापेक्षा कमी, पण आठवड्याचे पंचेचाळीस तास पक्के, आजारी पडलं तरी नोकरी जागेवर. मात्र सोमवारी निघायचं ते शुक्रवारी परत. चार रात्री केबिनमध्ये झोप, आंघोळ सर्व्हिस स्टेशनला. ही नाइटला, मी रस्त्यावर, म्हणजे शनिवारी भेटायचं आणि रविवारी कपडे धुवायचे. तिला अजून बोललो नाही, कारण बोलायचं तर जानेवारी का असा गेला हेही बोलावं लागेल. तिला वाटतंय मी सुट्ट्या घेतल्या. पन्नाशीला टेकलेला माणूस थंडीत सुट्ट्या घेऊन पार्किंगमध्ये बसतो! कायम व्हायची अप्पांची इच्छा मेली ती संपात. मला मिळतेय तर मी रात्रींचे हिशेब करत बसलोय. तू माझ्या जागी असतास तर घेतली असतीस का? खरं सांग, आणि ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असं लिहिलंस तर उरलेला अर्धा दात आहेच.

तुझ्या चिरंजीवांचं: इकडे ट्रकवर लावून देतो म्हणणाऱ्या त्या एजंटला एक पैसा देऊ नका. ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीवर इकडचा वर्क व्हिसा मिळत नाही, मी आलो तो हिच्या नर्सिंगच्या व्हिसावर. आणि आपल्याकडचं लायसन्स इथे पहिलं वर्षभर कारला चालतं, ट्रकला अजिबात नाही. त्याच्या मेसेजमध्ये महिना चार लाख लिहिलेत ते कुणी कितीने गुणले त्यालाच माहीत. पोराला रागावू नकोस. त्याने माझं स्टेटस बघूनच हे डोक्यात घेतलं असणार, ते मी काढून टाकलंय.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? वहिनींच्या दुकानाचं कळव. चाळीची बिल्डरबरोबरची मीटिंग परत पुढे ढकलली असेलच.

दोन लाखांतले पन्नास हजार या महिन्यात पाठवणार होतो, सात पाळ्यांत जमलं नाही. मार्चअखेर पाठवतो, ईस्टरआधी काम वाढतं. खातं तेच आहे ना अजून, की बँक बदललीस? नंबर वहिनींच्या फोनवरून पाठवू नकोस.

तुझा,
पक्या