छोटीला गावी आण

आर्वी तालुका,
कार्तिक

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोळ्यालाच आलं होतं, सोयाबीनच्या मळणीत उत्तर राहून गेलं. पण "गावी हिरवळ फार, छोटीच्या ॲलर्जीला झेपत नाही, आता येणंच बंद" हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. गड्या, हीच चूक मी करून बसलोय.

चार वर्षं भादवा लागला की पहाटे शिंकांचा सपाटा, डोळ्यांना खाज, रात्री छातीत शिट्टी. अंगणातली आईची जास्वंद तेव्हा भरात असे. तिचाच पराग बाधतो असं ठरवून मी ती बुडापासून तोडली. त्या साली गणपतीला फुलं शेजारून आणावी लागली. आई काही बोलली नाही. शिंका मात्र पुढच्या भादव्यातही तशाच.

मग नागपूरला डॉक्टरांनी हातावर निरनिराळ्या परागांचे थेंब टाकून सुईनं हलकं टोचलं. वीसेक मिनिटांत एका जागी गांधी उठली. गाजरगवत! जास्वंदीचा पराग जड, चिकट. तो किड्या-पाखरांच्या अंगाला लागून जातो, हवेत फारसा येतच नाही. छळतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं, ज्यांच्या फुलाला आपण फूलही म्हणत नाही. गवतं, एरंडी, माघ-फाल्गुनातला वावळा.

आणि माझं गाजरगवत कुठं होतं? उकिरड्याजवळ, माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर. परदेशातून आलेलं हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं, आज आपल्या धुऱ्याधुऱ्यावर आहे. एकेका झाडाला हजारो बिया. आता दर आषाढात, फुलं धरायच्या आत, अंगभर कपडे आणि हातमोजे घालून मी ते मुळासकट उपटतो. नुसत्या हातानं धरलं तर कातडीही खाजते. फुलल्यावर उपटलं तर सगळा पराग आपल्याच तोंडावर.

नाकातला स्प्रेही मी दोन दिवस मारून कुचकामी ठरवला होता. त्याचा गुण यायला दिवस लागतात, म्हणून डॉक्टर हंगामाच्या आधीच सुरू करायला सांगतात. शिंका पुरत्या गेल्या नाहीत, शिवेपलीकडून वारा आणतोच. पण रात्रीची शिट्टी थांबली.

छोटीची चाचणी करून घे. तिला नेमकं काय बाधतं ते कळल्याशिवाय सगळ्या झाडांशी तिचं वैर लावू नको. डॉक्टर हो म्हणाले तर पौषात या. मळणीची धूळ बसलेली असेल, गाजरगवतही बरंच वाळलेलं असेल, तुरीच्या ओल्या शेंगा असतील. तिचा श्वासाचा पंप सोबत ठेव, शेकोटीच्या धुरापासून तिला मी दूर बसवीन. वहिनींना सांग, गोठ्यामागची बाजू साफ केली आहे.

जास्वंदीच्या बुडाला फुटवे आलेत. आई रोज तांब्याभर पाणी घालते.

तुझा,
शंकर