हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधायच्या आपल्या खेळात, डबीतल्या वहीत तुम्ही ज्या टोपणनावाने सही करता तेवढंच माहीत आहे, आणि तेही असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. तरी ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. जिओकॅशिंगच्या मेळाव्याला कापडी पिशवीत दोन जुनी जीपीएस यंत्रं घालून येणारं दुसरं आहे कोण?

पहिलं हातातलं जीपीएस घ्यायचं ठरवल्यावर मला शहाणं करायला किती जण सरसावले, ते आधी सांगते. त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते इतरांना कळायचं नाही. दुकानातले गृहस्थ माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या भाच्याकडे बघून देत होते. भाचा बिचारा गाडी चालवायला आलेला, त्याला या खेळात काडीचा रस नाही. 'तीन मीटरची अचूकता' हे त्या गृहस्थांचं पालुपद. सगळ्यात महागडं, टचस्क्रीनचं यंत्र त्यांनी पुढे केलं आणि मी बोट लावायच्या आत "थांबा, मी दाखवतो" म्हणत काढूनही घेतलं. एका मुरलेल्या जिओकॅशरने भलामोठा तक्ता पाठवला, त्यात चिपसेटपासून अँटेनाच्या प्रकारापर्यंत सगळं होतं, फक्त मी काय घ्यावं ते नव्हतं. उरलेल्यांचं एकच, "फोन आहे ना? मग हे कशाला?"

फोनवर माझा राग नाही. मोकळ्या आकाशाखाली आजचा फोन डबीच्या चांगलाच जवळ नेतो, आणि सुरुवात त्याच्यावर करायला काहीच हरकत नाही. पण पावसात ओल्या काचेवर बोट धड चालत नाही, आणि चार्जिंग संपलं की परतीची वाटही गेली. मला बटणं हवी होती आणि रानात बदलता येतील असे सेल हवे होते. एवढी दोन वाक्यं पुरती ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "चष्मा लावून बघता की काढून?" दुसरा, "थंडीत हातमोजे घालता का?" यंत्राचं नाव अजून निघालंच नव्हतं.

मग पिशवीतून ती दोन निघाली. गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स १० आणि ईट्रेक्स ३०. दोन्ही २०११ सालची मॉडेलं, दोन्ही पेन्सिल सेलच्या जोडीवर चालणारी, एकाचा पडदा काळा-पांढरा आणि दुसऱ्याचा रंगीत. एका डबीचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून तुम्ही माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, "दोन्हींत भरा, मग जाऊ."

आता मुद्द्यावर येते. ती इवलीशी जॉयस्टिक माझ्या अंगठ्याखाली काही केल्या थांबेना. चार हवा तर पाच येई, पुसायला जावं तर भलताच रकाना उघडे. अशा वेळी कुणीही जाणकार माणूस काय करतो? "आणा इकडे" म्हणतो आणि दहा सेकंदांत काम उरकतो. आपण वर त्याचे आभार मानतो आणि होतो तिथेच राहतो. तुम्ही दोन्ही हात मागे बांधलेत. बोटं वळवळत होती तुमची, मी तिरक्या नजरेने पाहिलं! पण हात मागेच राहिले. बराच वेळ. तुम्ही झाडांकडे बघत होतात, घड्याळाकडे नाही.

मध्ये एकदाच विचारलंत, "मिनिटांच्या दशांशाला किती आकडे आहेत?" (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग.) तीन, मी म्हटलं. "अक्षांशातला शेवटचा एकाने चुकला तर जेमतेम दोन मीटर इकडेतिकडे. पहिला चुकला तर जवळजवळ दोनशे." बस्स. त्या तीन आकड्यांकडे मी त्यानंतर कधी निष्काळजीपणे पाहिलेलं नाही.

चालतानाही तेच. मध्येच म्हणालात, "जरा उभ्या राहा. काय दिसतंय?" १० चा बाण दिशाहीन होऊन भरकटला होता, ३० चा नीट डबीकडे रोखलेला. कारण तुम्ही नंतर सांगितलंत. ३० मध्ये चुंबकीय होकायंत्र आहे, १० ला दिशा कळते ती आपण चालत असलो तरच. आणि ३० चं कौतुक जास्त व्हायला नको म्हणून लगेच हेही, की सेल बदलले की त्याचं होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

तीन मीटरची गोष्ट सांगितल्यावर तुम्ही खळखळून हसलात. माझ्या यंत्राची चूक वेगळी, डबी लपवणाऱ्याच्या यंत्राची वेगळी, वरून दाट झाडी, शेजारच्या कड्यावर आपटून येणारे सिग्नल. दहा मीटरवर आलं की यंत्र खिशात घालायचं आणि 'मी असते तर कुठे लपवली असती' असं बघायचं. २००० सालच्या १ मेपर्यंत तर सामान्यांसाठीचे सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडले जात, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. २ मेला ते बंद झालं आणि ३ मेला डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात या खेळातली पहिली 'डबी' म्हणून काळी बादली लपवली. काही दिवसांत लोकांनी ती शोधलीही, ती त्या काळातल्या यंत्रांवर. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या मनातलं महागड्या यंत्राचं उरलंसुरलं भूत उतरलं.

शेवटी मी ईट्रेक्स २२एक्स घेतलं. रंगीत पडदा, तीच बटणं, तीच जॉयस्टिक, पण होकायंत्र नाही. ते असलेलं ३२एक्स शेजारीच ठेवलं होतं. मला चार पावलं चालून बाण जागा करायला काही वाटत नाही, आणि जुळवाजुळवीचा मला कंटाळा आहे. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "कशावरून ठरवलंत?" आणि शेवटपर्यंत ऐकलंत. तुम्हाला स्वतःला होकायंत्राशिवाय पाऊल टाकवत नाही, हे मला पुढे दुसऱ्या कुणाकडून कळलं. तुम्ही तोंडातून अक्षर काढलं नव्हतंत!

माहिती असलेली माणसं पुष्कळ आहेत, ताई. ती चांगलीही असतात, वेळ काढून सांगतात. पण समोरच्याची निवड आपल्यापेक्षा वेगळी निघाली तर मनातून न दुखावणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. दुकानातले ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांना घाई होती. तक्तेवाल्यांना आपलं ज्ञान कुठेतरी ओतायचं होतं. तुम्हाला मात्र मी डबी शोधायला हवी होते, माझी मी.

एक राहिलं. नवं यंत्र दाखवायला आले तेव्हा तुम्ही तुमचे दोन रिचार्जेबल सेल त्यात घातलेत आणि मेनूत सेलचा प्रकार बदलायला लावलात, नाहीतर बॅटरीची पातळी खोटी दिसते म्हणून. ते सेल अजून माझ्याकडेच आहेत. पुढच्या मेळाव्यात पूर्ण चार्ज करून परत करते. सोबत भाचा येईल. रस नसलेल्या माणसाला तुम्ही काय विचारता, ते मला ऐकायचंय.

तुमची,
२२एक्सवाली